हिंगोलीच्या लॉजवरून लातूरच्या घरात: अडलेल्या व्हीपीएनचा प्रकरण अभ्यास

लातूरचा एक आडत व्यापारी हळदीच्या हंगामात हिंगोली आणि वसमतच्या बाजारात मुक्कामाला असतो. हिशेबाचा संगणक आणि गोदामाच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर मात्र लातूरच्या घरात आहेत. लॉजवर बसून रात्री हिशेब पाहायचा, गोदामावर नजर टाकायची, एवढीच गरज. त्यासाठी घरी वायरगार्ड हे व्हीपीएन बसवलं, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात यायची कुलूपबंद वाट (टनल), आणि बॅगेत मावणारा एक ट्रॅव्हल राउटर घेतला. निघण्याआधी घरच्याच वायफायवर तपासलं तेव्हा सगळं चाललं. हिंगोलीत पोचल्यावर राउटरच्या पानावर टनल ‘चालू’ दिसत होतं, पण घरातलं काहीच उघडेना.

घरच्या वायफायवर केलेल्या त्या तपासणीतून काहीच सिद्ध होत नाही, हे आधीच सांगायला हवं. तेव्हा पॅकेट (जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा) घराबाहेर गेलेलंच नसतं. खरी तपासणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करायची, तीही निघायच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी. कारण पुढं दिसेल तसं, काही दोष इंटरनेट देणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावे लागतात आणि त्याला वेळ लागतो.

मांडणी अशी होती. घरी फायबरचा ओएनटी, म्हणजे केबल जिथं येते तो डबा, पत्ता १९२.१६८.१.१. त्याच्यामागं ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली टाकलेला दुसरा राउटर. त्याची बाहेरची बाजू १९२.१६८.१.२ आणि आतलं जाळं १९२.१६८.०.०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते). संगणक २० क्रमांकावर, एनव्हीआर ३० वर. वायरगार्डचं जाळं १०.२०.०.०/२४, घर .१ आणि ट्रॅव्हल राउटर .२, पोर्ट (त्याच्या दाराचा क्रमांक) ५१८२०. ट्रॅव्हल राउटरवरही ओपनडब्ल्यूआरटीच, आतलं जाळं १९२.१६८.८८.०/२४. लॅपटॉपचं सगळं इंटरनेट घरूनच जावं म्हणून अलाउड आयपी या वायरगार्डच्या पत्त्यांच्या यादीत ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, असं लिहिलेलं, आणि टनल बंद असेल तर लॅपटॉपचं काहीही थेट बाहेर जाऊ नये म्हणून फायरवॉलमध्ये (राउटरच्या पहाऱ्यात) लॅनकडून (आतलं जाळं) वॅनकडे (बाहेरची बाजू) जायची वाट काढून टाकलेली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, तिचा संबंध पुढं येतो.

आधी लाईट, मग बाकीचं

मराठवाड्यात पहिला प्रश्न हाच असायला हवा. व्यापाऱ्यानं लेकीला फोन लावला, “ताई, घरी लाईट हाय का?” “हाय बाबा.” “मग त्या पांढऱ्या डब्ब्यावरचे दिवे वाचून दाखव.” हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. ‘नेट चालू आहे का’ असं विचारलं की घरचे मोबाइल पाहून ‘चालू आहे’ म्हणतात, आणि मोबाइल त्या वेळी सिमच्या डेटावर असतो. ओएनटीवर ‘पॉन’चा दिवा न लुकलुकता हिरवा हवा. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाही, म्हणजे बहुधा केबल कुठंतरी तुटलेली किंवा वाकलेली आहे. अशा वेळी राउटरमध्ये काहीही बदलू नये.

इथं दिवे ठीक होते. घरात इन्व्हर्टर असला तरी ओएनटी आणि राउटर त्याच्या लाइनवर नव्हते. दोघांना १२ व्होल्टचा एक मिनी यूपीएस लावला. तो घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून बेरीज करायची. १२ व्होल्ट १.५ अँपिअरचा एक आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा एक असेल, तर एकूण २.५ अँपिअर देणारा यूपीएस लागतो. दोन अँपिअरचा घेतला तर लाईट जाताच दोन्ही उपकरणं पुन्हापुन्हा चालू-बंद होत राहू शकतात.

चालू म्हणजे जोडलेलं नव्हे

वायरगार्डचं टनल ‘चालू’ दिसणं याचा अर्थ इतकाच की आपल्या राउटरवर तो इंटरफेस उभा आहे. समोरच्यानं उत्तर दिलं की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळतं ‘डब्ल्यूजी शो’ या आज्ञेतून. त्यात दोन ओळी पाहायच्या: शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटणं) कधी झाला, आणि किती बाइट गेले, किती आले.

हिंगोलीच्या राउटरवर हँडशेकची ओळच नव्हती. आलेले बाइट शून्य, गेलेले मात्र वाढत होते, मिनिटाला सुमारे १,७७६. हा आकडा ओळखीचा असावा. हँडशेकची पहिली विनंती १४८ बाइटची असते आणि उत्तर मिळालं नाही तर ती साधारण दर पाच सेकंदांनी पुन्हा जाते. बारा गुणिले १४८ म्हणजे १,७७६. अर्थ असा, की हिंगोलीचा राउटर इमानेइतबारे हाक मारतोय आणि उत्तर येत नाही. सेटिंग बदलायच्या आधी शोधायचं ते हेच, की ही हाक नेमकी कुठं हरवते.

घरच्या राउटरवर वॅन बाजूला टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून यूडीपी (पॅकेट पाठवायची एक पद्धत) ५१८२० ऐकलं. एकही पॅकेट आलं नाही. म्हणजे किल्ल्या (दोन्ही टोकांच्या ओळखीचे संकेत), अलाउड आयपी, फायरवॉल यांतलं काहीही तपासायची अजून वेळ आली नव्हती. मग ओएनटीच्या स्थितीदर्शक पानावर वॅनचा पत्ता पाहिला, तो १०० ने सुरू होणारा आणि पुढचा आकडा सत्तरीतला. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवले आहेत. एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची ही पद्धत, सीजीनॅट. मोठ्या वाड्याचा एकच पत्ता आणि आत पन्नास बिऱ्हाडं असावीत, तसं हे: पत्र वाड्याच्या दारापर्यंत येतं, पुढं कुणाकडं जायचं ते दारावर लिहिलेलं नसतं. ओएनटीवर केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या राउटरकडे पाठवायचा नियम) अगदी बरोबर असतं तरी व्यर्थ होतं, कारण पॅकेट ओएनटीपर्यंत येतच नव्हतं. डायनॅमिक डीएनएसनं (बदलता पत्ता एका नावाशी जोडून ठेवणाऱ्या सेवेनं) जो पत्ता दाखवला तोही वाड्याचा होता, घराचा नव्हे.

वाटा चार. इंटरनेट देणाऱ्याकडून स्थिर सार्वजनिक आयपी घेणं. घराला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, वाटून न घेतलेला पत्ता) मिळत असेल तर त्यावरून येणं; पण लॉजच्या वायफायला आयपीव्ही६ नसेल तर ही वाट तिथंच संपते. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्यानं घेऊन घर आणि ट्रॅव्हल राउटर दोघांनी त्याला जोडणं. किंवा टेलस्केलसारखी सेवा, जी दोन्ही बाजूंनी बाहेर जाऊन मधे गाठ घालून देते. नुसता कॅमेरा पाहायचा असता तर टेलस्केल पुरे होतं आणि ते लवकर उभं राहतं. इथं हिशेब रोज लागणार होता आणि मधे तिसऱ्या कुणावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून स्थिर आयपी घेतला. तो योग्य निर्णय होता असं आमचं मत आहे. दुरून दुरुस्ती करताना मधल्या गोष्टी जितक्या कमी, तितकं निदान सोपं.

स्थिर आयपी आल्यावर ओएनटीचा वॅन पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकच झाला. तरी घरच्या राउटरवर पॅकेट येईना. कारण साधं होतं: ओएनटीवरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये प्रोटोकॉल (पाठवायची पद्धत) टीसीपी निवडलेला. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. तो बदलताच पॅकेट दिसलं, १४८ बाइटचं, आणि लगेच उलट दिशेनं ९२ बाइटचं उत्तर. हँडशेक झाला.

हँडशेक आहे, घर नाही

आता ट्रॅव्हल राउटरवरून १०.२०.०.१ ला पिंग (पोच तपासायची छोटी हाक) लागत होतं. लॅपटॉपवरून मात्र तोही नाही. यातून दोष कुठं आहे हे जवळजवळ सांगता येतं. राउटरचं पॅकेट १०.२०.०.२ या पत्त्यावरून निघतं, लॅपटॉपचं १९२.१६८.८८.x वरून. घरच्या बाजूला या पिअरच्या (समोरच्या टोकाच्या) अलाउड आयपीमध्ये फक्त १०.२०.०.२/३२ होतं.

अलाउड आयपी म्हणजे काय, इथं बहुतेकांची गफलत होते. बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी ती यादी म्हणजे मार्ग, कोणता पत्ता कोणत्या पिअरकडे पाठवायचा. आत येणाऱ्या पॅकेटसाठी तीच यादी म्हणजे चाळणी, या पिअरकडून कोणत्या पत्त्याचं पॅकेट मान्य करायचं. यादीत नसलेल्या पत्त्यावरून आलेलं पॅकेट उलगडल्यावर टाकून दिलं जातं. घरच्या बाजूला १९२.१६८.८८.०/२४ जोडलं, ‘अलाउड आयपीचे मार्ग तयार करा’ हा पर्याय चालू असल्याची खात्री केली आणि वायरगार्डच्या फायरवॉल झोनमधून लॅनकडे जायला परवानगी दिली. लॅपटॉपवरून १०.२०.०.१ लागला.

संगणक आणि एनव्हीआर तरीही नाहीत. ट्रॅव्हल राउटरवर ‘आयपी राउट गेट १९२.१६८.०.२०’ या आज्ञेनं संगणकाकडे जायचा मार्ग विचारला, तर उत्तरात वायरगार्डचं नाव नव्हतं. लॉजच्या वायफायचा इंटरफेस होता. लॉजच्या राउटरचं जाळंही १९२.१६८.०.०/२४ होतं. टनलकडे सगळं जग, म्हणजे ०.०.०.०/० आहे, पण लॉजचं जाळं /२४ असल्यानं अधिक नेमकं. आणि मार्ग निवडताना अधिक नेमका नेहमी जिंकतो. लॅपटॉपची विनंती घराऐवजी लॉजच्याच कुण्या उपकरणाकडे वळत होती आणि फायरवॉल ती अडवत होती. फायरवॉल तशी नसती, तर घरचा एनव्हीआर समजून पासवर्ड दुसऱ्याच्याच यंत्रात टाकला गेला असता. ही नुसती गैरसोय नाही.

यावर एकच चांगला उपाय आहे: घरचं जाळं बदलणं. १९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x हे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक राउटरचे जन्मजात पत्ते, म्हणून प्रवासात ते पुन्हापुन्हा आडवे येणारच. घरासाठी १०.४७.१३.०/२४ निवडला. खाजगी पत्त्यांतला कोणताही क्रमांक चालेल, सहज कुणाला सुचू नये इतकंच. ट्रॅव्हल राउटरच्या बाजूचे पत्ते बदलून भागत नाही, कारण टक्कर घर आणि लॉज यांची आहे.

पत्ता बदलताना क्रम महत्त्वाचा. ज्यांना हातानं स्थिर पत्ता दिलाय ती उपकरणं आधी, राउटर सगळ्यात शेवटी. राउटर आधी बदलला तर एनव्हीआर जुन्या जाळ्यावर एकटा पडतो आणि मग त्याला टीव्ही आणि माउस जोडून समोर बसावं लागतं. इथं लेकीनं क्रम बरोबर पाळला. घरात कॅमेरे दिसू लागले, हिंगोलीतून मात्र एनव्हीआर अजूनही मुका. त्याचा स्वतःचा पत्ता बदलला होता, गेटवेच्या (जाळ्याबाहेर जायच्या दाराच्या) रकान्यात जुना १९२.१६८.०.१ तसाच होता. घरातल्या घरात गेटवे लागतच नाही, म्हणून चूक दिसली नाही. दुसऱ्या जाळ्याला उत्तर द्यायचं म्हटलं की त्याच्याशिवाय अडतं. कॅमेऱ्याची दुरून तक्रार आली की गेटवेचा रकाना आधी पाहावा.

संगणक विंडोजचा. त्याचं फायरवॉल पिंग आणि फाइल शेअरिंग खाजगी जाळ्यावरसुद्धा फक्त ‘स्थानिक सबनेट’मधून (स्वतःच्याच जाळ्यातून) मान्य करतं, आणि १९२.१६८.८८.x त्याच्या लेखी स्थानिक नाही. त्या नियमांच्या व्याप्तीत हे सबनेट जोडलं. फायरवॉल सरसकट बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेबाच्या संगणकावर तो पाळू नये.

पान उघडतं, चित्र येत नाही

लॉजचं वायफाय संध्याकाळी रखडायचं, तेव्हा ट्रॅव्हल राउटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. हँडशेक झाला, पिंग लागलं, एनव्हीआरचं लॉगिनचं पान उघडलं, पण व्हिडिओ सुरू होईना. संगणकाचा रिमोट डेस्कटॉप जोडला जाऊन काळा पडदा. लहान पॅकेट जातात आणि मोठी हरवतात, याची ही खूण.

वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १४२० बाइट. त्यावर आयपीव्ही४ वरून जाताना ६० बाइटचं वेष्टन चढतं, म्हणजे १४८० (आयपीव्ही६ वरून ८० बाइट, म्हणजे १५००). फायबरच्या पीपीपीओई जोडणीची मर्यादा १४९२, तिथं १४८० निभतं. मोबाइल जाळ्यावर मात्र वाट अरुंद असू शकते. ती किती, हे मोजायचं. त्यासाठी ओएनटीवर बाहेरून येणाऱ्या पिंगला उत्तर द्यायची परवानगी थोड्या वेळापुरती दिली आणि लॅपटॉप थेट हॉटस्पॉटला जोडून, टनलशिवाय, विंडोजमध्ये ‘पिंग’ला तुकडे न करण्याचा ‘-एफ’ आणि आकाराचा ‘-एल’ पर्याय लावून घराच्या सार्वजनिक पत्त्याला पाठवलं. १४७२ पासून उतरत गेलं. १३७२ ला उत्तर आलं, १३८२ ला नाही. १३७२ मध्ये पिंगच्या आणि आयपीच्या शीर्षकाचे २८ मिळवले की १४००. त्यातून ६० वजा केले की १३४०. थोडा वाव ठेवून १३२० ठरवला. १२८० च्या खाली जाऊ नये, टनलमधून आयपीव्ही६ न्यायचं असेल तर त्याला तेवढा लागतोच.

एमटीयू दोन्ही टोकांना लावला. फक्त ट्रॅव्हल राउटरवर लावून पुष्कळ जण थांबतात, पण व्हिडिओची मोठी पॅकेट घराकडून निघतात. फायरवॉलमध्ये वायरगार्डच्या झोनला एमएसएस क्लॅम्पिंगही (दोन्ही टोकांना मुळातच लहान पॅकेट पाठवायला लावणं) चालू केलं. चित्र आलं. आठही कॅमेरे एकदम मोठ्या प्रतीत मागितले तर घराच्या अपलोडवर ताण येतोच. एनव्हीआरमध्ये दुरून पाहण्यासाठी सबस्ट्रीम (कमी प्रतीचं हलकं चित्र) निवडला.

ट्रॅव्हल राउटरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवला. लॉजचं किंवा मोबाइलचं नॅट (एक पत्ता अनेकांत वाटणारी यंत्रणा) शांत यूडीपीची नोंद लवकर पुसतं, आणि मग घराकडून हिंगोलीकडे काही जात नाही.

वसमतचा मुक्काम

सगळं चाललं. मग दोन-तीन दिवस राउटर बॅगेत राहिला आणि वसमतच्या लॉजवर लावला, तर हँडशेक नाही. किल्ल्या त्याच, पत्ता तोच, पोर्ट तेच. घरी टीसीपीडंप लावला, तेव्हा १४८ बाइटची पॅकेट व्यवस्थित येत होती. ९२ चं उत्तर जात नव्हतं. लेकीला घरचा राउटर बंद करून चालू करायला सांगितलं आणि टनल तत्काळ जुळलं.

इथं चुकीचा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे: घरचा राउटर अडकतो, बदलून टाका. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. पॅकेट घरापर्यंत पोचतं पण घर गप्प राहतं, याची मुख्य कारणं दोन. किल्ली चुकली असेल तर घर उत्तर देत नाही. पण मग ते कधीच देत नाही, राउटर कितीही वेळा बंद-चालू करा. बंद-चालू केल्यावर जुळत असेल तर शंका घड्याळावर घ्यावी.

हँडशेकच्या पहिल्या विनंतीत पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ कुलूपबंद असते. जुनी विनंती पकडून कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून घर प्रत्येक पिअरची आतापर्यंतची सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतं, आणि तिच्या मागची किंवा बरोबरीची वेळ आली तर विनंती मुकाट्यानं टाकून देतं. ट्रॅव्हल राउटरमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ गेली. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना ‘ईटीसी’ फोल्डरमधली सर्वांत नवी फाइल ज्या वेळची असेल ती वेळ धरून चालतं. वसमतमध्ये राउटरवर ‘डेट’ ही आज्ञा दिली, तर उत्तर आलं शेवटचं सेटिंग जतन केलं त्या दिवसाचं. घराच्या दृष्टीनं ही विनंती शिळी होती. घर बंद-चालू केल्यावर त्याची ती आठवण पुसली गेली आणि शिळी वेळही त्याला नवी वाटली.

घड्याळ इंटरनेटवरून एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या सेवेनं जुळायला हवं होतं. पण राउटरचं स्वतःचं बाहेर जाणंही ०.०.०.०/० मुळे टनलमध्ये वळवलेलं. टनल उघडायला वेळ बरोबर हवी आणि वेळ मिळायला टनल उघडं हवं. ही गाठ राउटर आपण होऊन सोडवू शकत नाही.

उपाय म्हणून क्रम बदलला. वायरगार्डचा इंटरफेस राउटर सुरू होताच आपोआप उभा राहतो, तो पर्याय बंद केला. एनटीपीच्या हॉटप्लग फोल्डरमध्ये (घटना घडली की आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या जागी) छोटी स्क्रिप्ट टाकली: घटना ‘स्ट्रॅटम’ असेल, म्हणजे वेळ जुळली असेल, आणि वायरगार्ड आधीच उभं नसेल, तर ते ‘इफअप’ या आज्ञेनं उभं करायचं. दुसरी अट विसरू नये, नाहीतर चालू टनल मधेच तुटून पुन्हा जोडलं जातं. मधल्या मिनिटभरात लॅपटॉपचं काही उघड्यावर जात नाही, कारण लॅनकडून वॅनची वाट फायरवॉलनं आधीच बंद आहे. बाहेर जातो तो फक्त राउटर, वेळ विचारायला.

ज्या लॉजवर वायफायला आधी लॉगिनचं पान येतं, तिथं एनटीपीही त्या लॉगिनपर्यंत अडतं, आणि बंद वाटेमुळे ते पान लॅपटॉपवर येत नाही. अशा ठिकाणी मोबाइल थेट लॉजच्या वायफायला जोडून लॉगिन करायचं, मोबाइलनं त्या वायफायपुरता घेतलेला मॅक पत्ता (वायफायवरची उपकरणाची ओळख) सेटिंगमधून उतरवायचा, मोबाइल सोडवायचा आणि तोच मॅक ट्रॅव्हल राउटरच्या वायफाय क्लायंटला द्यायचा.

वसमतमध्येच याची परीक्षा घेतली. आधी हँडशेक चालू असताना राउटरची वीज काढली, अर्धा तास तसाच ठेवला, मग चार्जर लावला. चार्जर राउटरच्या लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचाच हवा. लॅपटॉपच्या यूएसबीवर तो वायफायचा भार वाढताच पुन्हा सुरू होऊ शकतो आणि घड्याळ पुन्हा मागं जातं. सुरुवातीला ‘डेट’ जुनी दिसली, थोड्याच वेळात आजची झाली, आणि त्यामागोमाग ‘डब्ल्यूजी शो’मध्ये हँडशेकची ओळ आली. लातूरच्या राउटरला या वेळी कुणी हात लावला नव्हता.